घरपट्टीवर हरकत : नोटिशीपासून दुरुस्त बिलापर्यंत

घरपट्टी वाढल्याची नोटीस घेऊन कर विभागात गेलेला प्रत्येक जण आधी विचारतो, "एवढी कशी वाढली?" त्यावर "सगळ्यांचीच वाढली आहे" एवढंच उत्तर मिळतं आणि तो घरी परत येतो. "कुठल्या नोंदीमुळे वाढली?" असं विचारलं की मात्र टेबलापलीकडचा माणूस रजिस्टर उघडतो. हरकतीचं सगळं काम त्या रजिस्टरच्या ओळीवर चालतं, म्हणून इथे त्या ओळीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला घेतलंय ते आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या हद्दीतलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कराड, वाई, फलटण, रहिमतपूर, म्हसवड, खुद्द सातारा, कुठेही कायदा एकच आहे : महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965. सांगली, मिरज आणि कुपवाडला महापालिका असल्यामुळे तिथे महापालिकांचा कायदा लागतो. हरकतीची मुदत आणि अपिलाची जागा तिथे वेगळी आहे, त्याबद्दल पुढे.

नोटीस आली 12 डिसेंबरला. नगरपालिकेला दर चार वर्षांतून किमान एकदा कर निर्धारण यादी नव्याने करावी लागते, तिलाच सगळे 'चतुर्थ वार्षिक' म्हणतात. त्याआधी काही महिने पाहणीवाले टॅब आणि लेझर मीटर घेऊन गल्लीतून फिरून गेलेले असतात. घरात कोणी असेल तर आतून माप, नसेल तर बाहेरून. पाहणीच्या वेळी घरातल्या माणसाची सही घेतात आणि सही करणारा काय लिहिलंय ते क्वचितच वाचतो. चुकीची नोंद शिरते ती इथेच. पाहणी अजून व्हायची असेल तर घरात सांगून ठेवा : आकडे वाचल्याशिवाय सही नाही, आणि टॅबवरच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्यायचा.

नोटिशीवर मालमत्ता क्रमांक (जुना आणि नवा), मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, आणि खाली तक्ता असतो. तक्त्यात मजला, बांधकामाचा प्रकार, वापर, क्षेत्रफळ, दर, वार्षिक भाडेमूल्य आणि करयोग्य मूल्य. लोक थेट शेवटच्या आकड्याकडे बघतात. बघायचे ते पहिले चार रकाने, कारण चूक बहुतेक वेळा तिथे असते आणि सुनावणीत सुधारून मिळण्यासारखी तीच असते. दर नगरपालिकेने भागवार आणि बांधकामाच्या प्रकारानुसार ठरवलेला असतो. एकट्याच्या हरकतीने तो खाली येत नाही. आपलं घर चुकीच्या भागात किंवा चुकीच्या प्रकारात धरलं असेल, तर मात्र तो मुद्दा मांडता येतो.

हिशेब असा होतो. क्षेत्रफळ गुणिले दरमहा दर गुणिले 12, म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे करयोग्य मूल्य. ही 10 टक्क्यांची वजावट कायद्यानेच दिली आहे, ती केली आहे ना एवढं बघून घ्यावं. त्या मूल्यावर मग निरनिराळ्या करांच्या टक्केवाऱ्या बसतात. पाणीपट्टी बहुधा वेगळी असते, ती या भांडणात आणू नये.

या घराच्या नोटिशीत तीन ओळी होत्या. तळमजला, आरसीसी, वाणिज्यिक, 30 चौरस मीटर, दर 38 रुपये. तळमजला, आरसीसी, निवासी, 46 चौरस मीटर, दर 16. पहिला मजला, आरसीसी, निवासी, 40 चौरस मीटर, दर 16. वार्षिक भाडेमूल्य 30,192 आणि 10 टक्के जाऊन करयोग्य मूल्य 27,173.

प्रत्यक्षात काय होतं? पुढच्या बाजूला शटरचा एक गाळा, 11 चौरस मीटरचा. त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि देवघर. पाहणीवाल्यांनी शटर बघून मागची भिंत येईपर्यंत सगळं दुकानात धरलं होतं. वरच्या मजल्यावर लोखंडी अँगल आणि पत्रा. पण समोर तीन फुटी कठडा असल्यामुळे रस्त्यावरून पत्रा दिसत नाही, म्हणून 'आरसीसी'. पत्र्याच्या छताचा दर त्याच तक्त्यात 9 रुपये होता. तिसरी गोष्ट पुढच्या ओट्याची. साधारण 8 चौरस मीटरचा ओटा तळमजल्यात मोजलेला होता.

यातली वाणिज्यिक नोंद सगळ्यात महाग पडते. नुसता दर दुपटीहून जास्त असतो एवढंच नाही, तर बिगरनिवासी वापराला राज्य सरकारच्या शिक्षण कराचा दरही निवासीच्या दुप्पट लागतो आणि वर रोजगार हमी उपकर बसतो, जो निवासी जागेला लागतच नाही. तेव्हा वेळ थोडा असेल तर आधी वापराचा रकाना तपासा, मग प्रकाराचा, मग क्षेत्रफळाचा.

क्षेत्रफळाबाबत जुन्या घरवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. शेजारच्या वाड्याची नोटीस बघितली तेव्हा हे लक्षात आलं. मातीच्या, दोन फुटी भिंती. आतून 10 बाय 12 फुटांची खोली, म्हणजे 120 चौरस फूट. तीच बाहेरून मोजली की 14 बाय 16, म्हणजे 224. जवळजवळ दुप्पट, आणि वाढलेली सगळी जागा भिंतीने खाल्लेली. नगरपालिकेचा दर चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या जागेवर) आहे की बांधीव क्षेत्रावर (भिंतींसकट), हे कर निरीक्षकाला विचारून घ्या आणि अर्जात त्याच पद्धतीने मोजलेलं माप लिहा. चौरस फुटांचं चौरस मीटर करताना 10.764 ने भागायचं. चौरस फुटाचा आकडा चुकून मीटरच्या रकान्यात पडल्याची प्रकरणं दर चार वर्षांनी निघतात.

हरकतीची मुदत जाहीर सूचनेत दिलेली असते आणि कायद्याने ती यादी प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही. करयोग्य मूल्य वाढलं असेल किंवा मालमत्ता पहिल्यांदाच यादीत आली असेल, तर मालकाला स्वतंत्र नोटीसही द्यावी लागते. आमच्या नोटिशीवर शेवटची तारीख 16 जानेवारी होती. एक महिना भरपूर वाटतो, पण कागद गोळा करण्यातच तो जातो.

पहिलं काम यादी बघण्याचं. मालक किंवा भोगवटादाराला कर निर्धारण यादी पाहण्याचा आणि तिच्यातून उतरवून घेण्याचा हक्क आहे, तोही विनामूल्य. "माहितीच्या अधिकारात अर्ज करा" असं कोणी सांगितलं तर नम्रपणे 1965 च्या अधिनियमातल्या कलम 118 चा उल्लेख करावा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, ते काही जड नाहीत. पण उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे आणि तेवढ्यात हरकतीची तारीख निघून जाते. पाहणीचा मूळ तक्ता आणि त्यासोबतचा आराखडा मात्र माहिती अधिकारातूनच मागवावा लागला तर मागवून ठेवावा, सुनावणीपर्यंत हातात येतो. यादी बघताना आपल्याच गल्लीतल्या, आपल्यासारख्याच दोन-तीन घरांचा प्रकार आणि दर लिहून आणावा. समोरच्या पत्र्याच्या घराला 9 आणि आपल्या पत्र्याला 16, हे एका ओळीत सांगता येतं.

मग मोजणी. 30 मीटरची फायबर टेप, दोन माणसं, आणि चौकटीच्या वहीचं पान. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये दोन दशांशांपर्यंत, जिना वेगळा, ओटा वेगळा, उघडी गच्ची वेगळी. इंजिनिअरकडून नकाशा करून घेतला तर उत्तम, पण साध्या मापाच्या घराला गरज पडत नाही. मापाच्या पानावर तारीख आणि सही टाका.

पुरावे जोडले ते असे. मंजूर नकाशाची प्रत, ज्यात गाळा 11 चौरस मीटरचा दाखवला आहे. महावितरणची दोन बिलं, गाळ्याचं वाणिज्यिक मीटरचं आणि घराचं घरगुती मीटरचं. स्वयंपाकघराची वायरिंग घरगुती मीटरवर आहे हे फोटोत. पत्र्याचे फोटो, एक आतून अँगलसकट आणि एक शेजाऱ्यांच्या गच्चीवरून. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका. आधीच्या आकारणीची घरपट्टीची पावती. घर जुनं असून नवं धरलं गेलं असेल तर पहिल्या वीजजोडणीचा कागद किंवा जुनी कर आकारणी वर्ष सिद्ध करायला चालते. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत न चुकता लावा, कारण ते कागद दिसले नाहीत की नोंदीसमोर 'अनधिकृत' असा शेरा पडू शकतो आणि मग कराशिवाय शास्तीचा, म्हणजे दंडाचा, वेगळाच विषय उभा राहतो.

जाता जाता : घरपट्टीची पावती किंवा आकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. वारसांमधला वाद हरकतीच्या अर्जात आणू नये. नाव बदलायचं असेल तर त्याचा अर्ज वेगळा, रांग वेगळी.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, एका पानाचा. विषय : 'चतुर्थ वार्षिक कर आकारणी, मालमत्ता क्र. अमुक, कलम 119 अन्वये हरकत.' खाली तीन रकान्यांचा तक्ता : नोटिशीतील नोंद, प्रत्यक्ष स्थिती, पुरावा. शेवटी दोन विनंत्या, जागेवर फेरपाहणी करावी आणि आमच्या मापाप्रमाणे करयोग्य मूल्य दुरुस्त करावं. आपल्या हिशेबाने येणारा आकडाही लिहावा. आमचा येत होता 18,252. आकडा लिहिलेला असला की अधिकाऱ्याला फरक ताबडतोब दिसतो.

वॉर्डात छापील हरकती वाटल्या जातात. 'वाढ अन्यायकारक असून रद्द करावी', खाली नाव आणि सही. जनमत दाखवायला त्या ठीक आहेत, मोर्चाला जरूर जावं. पण आपल्या घराच्या नोंदीबद्दल त्यात एक अक्षर नसतं, त्यामुळे सुनावणीत त्यावर बोलायला काही उरत नाही. ज्यांनी फक्त छापील कागद दिले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे आकडे जसेच्या तसे राहिले. छापील हरकत दिलीच असेल तर मुदतीच्या आत स्वतःचा अर्जही द्या.

अर्ज आवक बारनिशीत, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात त्या टेबलावर, द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. कर विभागातल्या ओळखीच्या लिपिकाच्या हातात "ठेवा हा" म्हणून दिलेला अर्ज मुदतीत दिला हे पुढे सिद्ध करता येत नाही. अपिलाची वेळ आली तर या शिक्क्यावरच सगळं अवलंबून असतं. शेवटच्या दोन दिवसांत बारनिशीसमोर रांग जिन्यापर्यंत येते. मकर संक्रांतीचा सण मध्ये येत होता, म्हणून आमचा अर्ज 9 जानेवारीलाच दिला होता.

त्यानंतर वाट बघणं. सुनावणी मुख्याधिकारी घेत नाहीत, ती प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यासमोर होते आणि हे अधिकारी नगररचना विभागाचे असतात. त्यांच्याकडे एकापेक्षा जास्त गावांचं काम असल्यामुळे तारखा लांबतात. आमची सुनावणी 11 मार्चला लागली, वेळ सकाळी 11 ते 2, म्हणजे त्या वेळेत बोलावलेली शे-दीडशे माणसं. स्वतः जाता येत नसेल तर साध्या कागदावर अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती देऊन घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवता येतं. वकील लागत नाही. न गेलं तर कागद बघून निर्णय होतो, आणि तो आपल्या बाजूने जाण्याची शक्यता कमीच.

प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. समोर नोटिशीची प्रत, तक्ता आणि फोटो या क्रमाने कागद ठेवावेत. महागाई, पेन्शन, गटार तुंबलेली, रस्ता नाही, यातलं काही बोलू नये. तक्रारी खऱ्या असतात, पण त्या अधिकाऱ्याला त्यावर काही करता येत नाही आणि मिनिटं मात्र त्यात जातात. तीन नोंदी, तीन पुरावे, एक आकडा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना घरपट्टीत राज्य सरकारची सवलत आहे. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर पुष्कळ लोक सुनावणीला आले होते. पण त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून वेगळा अर्ज करावा लागतो, हरकतीच्या सुनावणीत ते काम होत नाही.

बोलणं झाल्यावर लिपिक सुनावणीचा तक्ता पुढे करतो आणि सही मागतो. इथे घाई करू नये. आमच्या ओळीत 'अर्जदाराचे म्हणणे ऐकले' एवढंच लिहिलं होतं. 'पत्र्याचे छत व गाळ्याचे क्षेत्र याबाबत फेरपाहणीची मागणी' हे शब्द तिथेच लिहून घेतले आणि मगच सही केली. लिपिकाने कुरकुर केली नाही. सांगितलं की लिहितात.

फेरपाहणीला कर निरीक्षक दहा-बारा दिवसांनी आले. गाळ्याची मागची भिंत बघितली, टेप लावली, 11 चौरस मीटर मान्य. पत्रा बघायला जिना चढले, मान्य. ओट्यावर गाडी अडली. वर स्लॅब आहे आणि तिन्ही बाजूंनी ग्रिल, म्हणजे ती बंदिस्त, आच्छादित जागा झाली. ग्रिल नसती तर मुद्दा लढवता आला असता. निर्णय आला 'अंशतः मान्य'. तळमजला वाणिज्यिक 11, निवासी 65, पहिला मजला पत्रा 40. वार्षिक भाडेमूल्य 21,816, करयोग्य मूल्य 19,634. मुख्य कराचा 24 टक्के दर धरला तर त्या एका रकान्यात वर्षाला 1,809 रुपये कमी, शिवाय उपकरांतला फरक, आणि हा आकडा पुढच्या आकारणीपर्यंत चालू राहतो. खर्च झाला तो झेरॉक्स, फोटो, टेप आणि मिळकत पत्रिका मिळून पाचशे रुपयांच्या आत.

निर्णयाची प्रत मागून घ्या, आपोआप घरी येईल या भरवशावर राहू नका. कारण पुढची अडचण हमखास येणारी आहे : जुलैमध्ये बिल आलं ते जुन्याच आकड्याचं. निर्णय कागदावर, बिल संगणकातून, आणि दोन्हीकडची माणसं वेगळी. निर्णयाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला, परत बारनिशीचा शिक्का, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दुरुस्त बिल मिळालं.

या मधल्या काळात 'वाद चालू आहे' म्हणून पैसे अडवून धरू नयेत. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि हरकत प्रलंबित आहे म्हणून ती आपसूक थांबत नाही. निदान आपल्या हिशेबाची रक्कम 'हरकतीस अधीन राहून' असं पत्र देऊन भरावी आणि पावती ठेवावी. जास्त भरलं गेलं असेल तर ते पुढच्या बिलात वळतं करून द्या असा अर्ज करता येतो.

निर्णयच मान्य नसेल तर पुढची पायरी मालमत्ता कर अपील समितीची, कलम 169. तिथे कलम 170 च्या तीन अटी दारातच उभ्या असतात : बिल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत अपील, आधी मुदतीत लेखी हरकत घेतलेली असणं, आणि बिलाची रक्कम नगरपालिकेत जमा केलेली असणं. यातली दुसरी अट पुष्कळांना आडवी येते, कारण डिसेंबरात नोटिशीकडे दुर्लक्ष करून जुलैच्या बिलावर जाग आलेली असते. ओट्याच्या 8 चौरस मीटरसाठी अपील करण्यात अर्थ नव्हता, म्हणून ते केलं नाही. महापालिका हद्दीत हेच अपील महापालिकांच्या कायद्यातल्या कलम 406 खाली न्यायालयात जातं, मुदत तिथेही 15 दिवसांची आणि रक्कम भरण्याची अटही आहे. शिवाय कर सहामाही हप्त्यांत, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला देय होतो. सांगलीकरांनी नोटिशीवर छापलेली हरकतीची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

दुरुस्त बिल मिळाल्यावर कर विभागातून आकारणी रजिस्टरचा ताजा उतारा काढून घ्या आणि त्यात तिन्ही ओळी बदलल्या आहेत का ते बघा. बिल सुधारलं आणि रजिस्टर तसंच राहिलं, तर पुढच्या वर्षी जुना आकडा परत छापून येतो.